बहुजनांचं सुख, आणि उरलेल्यांचं?

गावोगावच्या बचत गटांतल्या, महिला मंडळांतल्या, शेतात रेडिओ लावून खुरपणाऱ्या आणि घरी भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या सगळ्याजणींना औरंगपुऱ्यातून माझा नमस्कार.

तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणापासून आकाशवाणी ऐकली आहे, त्यांना तिचं ब्रीदवाक्य माहीत असेल: बहुजनहिताय बहुजनसुखाय. पुष्कळ लोकांच्या हितासाठी, पुष्कळ लोकांच्या सुखासाठी. ऐकायला किती छान वाटतं. पण मला बरीच वर्षं एक प्रश्न पडायचा. पुष्कळांचं सुख झालं, बरं झालं. पण त्या पुष्कळांत जे बसत नाहीत, त्यांचं काय? ते चारदोन लोक, ती दोनतीन गावं, घरातली ती एक सून, गटातली ती एक बाई, त्यांचं काय करायचं? आज याच प्रश्नावर बोलू या.

सुरुवात कचऱ्यापासून करते. नाक मुरडू नका, कचऱ्यात फार शिकण्यासारखं असतं.

आमचा औरंगपुरा म्हणजे शहराच्या मधला भाग. इथे भाजी मंडई आहे, जिल्हा परिषद आहे, सरस्वती भुवनची शाळा-कॉलेज आहे, पुस्तकांची दुकानं आहेत. तुमच्यापैकी कितीतरीजणी जिल्हा परिषदेच्या कामाला येता तेव्हा इथूनच जाता. या सगळ्या शहराचा कचरा, रोजचा चारशे टनांच्या आसपास, तीसएक वर्षं एकाच ठिकाणी जाऊन पडत होता. ते ठिकाण म्हणजे नारेगाव-मांडकीचा कचरा डेपो. तिथे कचऱ्याचा डोंगर झाला. आजूबाजूच्या गावांची तक्रार होती की विहिरींचं पाणी खराब झालं, धूर आहे, माशा आहेत, मोकाट कुत्री आहेत. ते वर्षानुवर्षं सांगत होते. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. एकही गाडी आत जाऊ देणार नाही म्हणाले. पुढे मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली.

मग काय झालं? शहरात रस्तोरस्ती ढीग लागले. नाकाला पदर लावून मंडईत जायचं. कचऱ्याच्या गाड्या दुसऱ्या गावांकडे वळवायला गेले, तर तिथल्या लोकांनीही अडवलं. मिटमिट्याला ७ मार्चला दगडफेक झाली, पोलिसांचा लाठीमार झाला. तेव्हा शहरातली चांगली शिकलेली माणसं म्हणायची, "बारा लाख लोकांचा प्रश्न आहे. दोनचार गावांनी थोडं सोसलं तर काय बिघडलं?"

खरं सांगते, माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं होतं. कारण माझ्या घरचा कचरासुद्धा तिथेच जात होता आणि तीस वर्षांत तो कुठे जातो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सकाळी डबा बाहेर ठेवला की माझं काम संपलं.

"बारा लाखांसाठी चार गावांनी सोसावं" हा जो विचार आहे, तो आपण सगळेच रोज करतो. पण त्याच्यामागे एक मोठं तत्त्वज्ञान आहे, हे मला पुढे कळलं. मराठीत त्याला उपयुक्ततावाद म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम नावाचा एक विचारवंत होता. जन्म १७४८, मृत्यू १८३२. तो कायद्याचा अभ्यासक होता. त्या काळी तिथले कायदे फार क्रूर होते, क्षुल्लक चोरीलाही फाशी होत असे. बेंथमने विचारलं, या शिक्षेने कुणाचं भलं होतं? त्याचं म्हणणं असं, की कुठलंही काम चांगलं की वाईट हे जुन्या रिवाजावरून ठरवू नका, राजाच्या मर्जीवरून ठरवू नका. त्या कामाने जगात सुख किती वाढलं आणि दुःख किती वाढलं, याचा हिशोब करा. सुख जास्त निघालं तर काम चांगलं. १७८९ साली त्याने हे पुस्तकात मांडलं.

यात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. पहिली, "असंच चालत आलंय" हे कारण चालत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हिशोब करताना प्रत्येक माणूस एकच धरायचा. राजा म्हणजे एक आणि त्याचा घोडा धुणारा नोकर म्हणजेही एकच. पाटलीणबाई एक आणि तिच्या शेतात खुरपायला येणारी बाईही एक. सासू एक, सून एक. आपल्याकडे अडीचशे वर्षांपूर्वी असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

आता इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आधी दूर करू. हा विचार म्हणजे बहुमत नव्हे. जास्त हात वर झाले म्हणजे झालं, असं बेंथम म्हणत नाही. समजा, तुमच्या गटाकडे चोवीस हजार रुपये शिल्लक आहेत. पेरणीच्या तोंडावर आठजणींना बियाण्यासाठी तीन-तीन हजार हवेत. आणि एकीला सगळे चोवीस हजार हवेत, कारण तिच्या मुलीची नर्सिंगची फी परवा भरायची आहे, नाहीतर वर्ष जाईल. हात वर केले तर आठ विरुद्ध एक. विषय संपला. पण बेंथमचा हिशोब केला तर विचारावं लागतं: त्या आठजणींना बियाणं दुकानदाराकडून चार महिन्यांच्या उधारीवर मिळेल का? मिळत असेल तर त्यांचं नुकसान किती? थोडं व्याज. आणि त्या मुलीचं वर्ष गेलं, कदाचित शिक्षणच सुटलं, लग्न उरकून टाकलं, तर ते नुकसान किती? इथे एक बाई आठजणींपेक्षा जड भरू शकते. बेंथमने म्हटलंच होतं की सुखदुःख मोजताना फक्त किती माणसं एवढंच बघू नका. ते किती तीव्र आहे, किती दिवस टिकणार आहे, होईलच याची खात्री किती, त्यातून पुढे आणखी सुख येणार की दुःख, हेही बघा.

आता हाच हिशोब नारेगावला लावू. बारा लाख लोकांचं सुख काय होतं? कचरा न निवडता एका डब्यात टाकायची मोकळीक. म्हणजे माणशी दिवसाचे दोन मिनिटं. आणि त्या गावांचं दुःख काय? चोवीस तासांचा वास, विहीर, पोरांची दुखणी, आणि तेही तीस वर्षं. एवढं मांडलं तरी पारडं हलायला लागतं. पण आणखी एक गोष्ट आहे. आम्ही शहरवाल्यांनी प्रश्नच चुकीचा विचारला होता. "कचरा नारेगावात की आमच्या दारात?" असे दोनच पर्याय धरले होते. तिसरा पर्याय होता: ओला वेगळा, सुका वेगळा, आणि जिथल्या तिथे खत. संकट आल्यावर शहराला तेच करावं लागलं. घराघरांत दोन डबे आले, शहराच्या वेगवेगळ्या भागांत प्रक्रिया केंद्रं उभी करायला घेतली. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पण जे तीस वर्षं अशक्य म्हणत होतो, ते गाड्या अडवल्यावर सुरू झालं. आणि त्या हिशोबात आणखी एक माणूस कुणीच धरला नव्हता. कचऱ्यातून काच, प्लास्टिक वेचून पोट भरणारी बाई. डेपो असताना ती घाणीत होती, डेपो बंद झाला तर तिची चूल बंद. तिला कुणी विचारलं?

म्हणजे हिशोबाची पद्धत वाईट नाही, पण हिशोब करणारा लबाडी करू शकतो. स्वतःचं सुख पायलीने मोजतो आणि दुसऱ्याचं दुःख चिपट्याने.

बेंथमनंतर जॉन स्टुअर्ट मिल आला. जन्म १८०६. याचा आपल्याशी विचित्र संबंध आहे. तो सतराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि पस्तीस वर्षं तिथे हिंदुस्थानच्या कारभाराचे कागद लिहीत होता. पण इथे कधी आला नाही. ज्यांच्या सुखाचा हिशोब लिहायचा, त्यांचं तोंडही न पाहता! असे अधिकारी तुम्हीही पाहिले असतील.

पण हाच मिल बायकांच्या बाजूने मात्र ठामपणे उभा राहिला. त्याची बायको हॅरिएट टेलर स्वतः विचारवंत होती, स्त्रियांच्या मताधिकारावर तिने १८५१ मध्येच लिहिलं होतं. मिलने १८६७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात बायकांना मत द्या म्हणून दुरुस्ती मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. १८६९ मध्ये त्याने स्त्रियांच्या गुलामीवर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीने मिल वाचला, आणि १८८८ मध्ये सुरू झालेल्या आगरकरांच्या 'सुधारक'मध्ये बालविवाह, केशवपन यांच्यावर जे आसूड ओढले गेले, त्यामागे या वाचनाचाही हात होता.

मिल म्हणाला, सगळी सुखं एका तागडीत तोलू नका. सुखातही उंची असते. आता तुम्हीच सांगा. रात्री मालिका बघण्यात सुख आहे, मी नाही म्हणत नाही, मीही बघते. आणि पन्नासाव्या वर्षी साक्षरता वर्गाला जाऊन बँकेत अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही करण्यातही सुख आहे. दोन्ही सारखी आहेत का? मिल म्हणतो, कुठलं सुख मोठं हे कुणी ठरवायचं? जिने दोन्ही चाखली आहेत तिने. जी नुसतं बाहेरून बघते तिने नव्हे.

आता या विचाराच्या दोन मोठ्या फांद्या सांगते. तुमच्या गटाच्या बैठकीत या रोज भांडत असतात, फक्त त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात.

समजा, गटात बाराजणी आहेत. एकीच्या शेळ्या रोगाने मेल्या. तिच्यावर गटाचं पाच हजार कर्ज आहे. ती म्हणते, माफ करा. बाकीच्या अकराजणींना प्रत्येकी साडेचारशेच्या आसपास झळ बसेल, आणि तिचा संसार वाचेल. या एका वेळचा हिशोब केला तर माफ करणं बरोबर. प्रत्येक वेळी, प्रत्येक कृतीचा वेगळा हिशोब करा, असं म्हणणारी ही पहिली फांदी.

पण गटाच्या जुन्याजाणत्या ताई काय म्हणतील? "आज हिला माफ केलं, उद्या तिघी येतील. एकीची म्हैस मेली, एकीचा नवरा आजारी. परतफेड थांबली की बँक दारात उभं करणार नाही. गट बुडाला तर बाराहीजणींचं नुकसान." ही दुसरी फांदी. ती म्हणते, एकेका कृतीचा हिशोब करू नका, नियमाचा करा. कुठला नियम सगळ्यांनी पाळला तर सर्वांत जास्त भलं होतं ते शोधा आणि तो पाळा. आपली पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नीट हिशोब, ही याच विचारावर उभी आहे.

मग शेळ्या मेलेल्या ताईने काय करायचं? नियम नियम म्हणून तिला बुडू द्यायचं? नाही. नियमच शहाणा करायचा. "संकटात हप्ता तीन महिने पुढे ढकलता येईल, पण बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून." किंवा ग्रामसंघात जोखीमप्रवणता निधी असतो, तो अशाच घरांसाठी असतो. त्यातून तिला द्यायचं. म्हणजे नियमही मोडत नाही आणि बाईही मोडत नाही.

नियमाचं एक मोठं उदाहरण आपल्या गोदावरीवरचं आहे. दुष्काळाच्या वर्षी वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतलं पाणी जायकवाडीला सोडायचं की नाही, यावरून दरवर्षी भांडण. वरचे म्हणतात आमचं, खालचे म्हणतात आमचं. २००५ मध्ये राज्यात कायदा झाला, त्यातून समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, असं ठरलं. भांडणं अजून होतात, कोर्टातही जातात. पण निदान भांडायला एक आकडा आहे. ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी, असं राहिलं नाही.

तिसरी एक फांदी आहे, ती मला फार जवळची वाटते. ती म्हणते, सुख वाढवायच्या मागे नंतर लागा, आधी दुःख कमी करा. ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत त्याला तिसरी दिली तर सुख थोडं वाढेल. पण जी बाई रात्री उपाशी झोपते तिला भाकरी मिळाली तर जगातलं केवढं दुःख कमी होतं. कार्ल पॉपर नावाच्या तत्त्वज्ञाने या बाजूने लिहिलं. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही, पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वरण पोहोचलं का हे बघायची आपली रीतच आहे.

चौथी फांदी म्हणते, सुख म्हणजे काय ते तुम्ही ठरवू नका, ज्याचं त्याला विचारा. माणसाला काय हवं आहे, ते मोजा. म्हणूनच ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. म्हणूनच 'आडवी बाटली'चा कायदा आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायकांनी बाटली आडवी केली, तर दारूचं दुकान बंद होतं. सरकार आधी म्हणायचं, दुकानातून महसूल मिळतो, तो लोकांच्याच भल्यासाठी वापरतो. बायका म्हणाल्या, आमचं भलं आम्हाला विचारा.

पण या फांदीतही काटा आहे. आमच्या औरंगपुऱ्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांचे पुतळे आहेत. मी जाता-येता बघते आणि माझ्या मनात येतं, १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा लोकांना विचारलं असतं, "तुम्हाला काय हवं?" तर बहुतेक पुणे म्हणालं असतं, शाळा नको. बहुजनांचं सुख शाळा बंद करण्यात होतं! मग सावित्रीबाई चुकल्या का? नाही. कारण हिशोब त्या दिवसापुरता नव्हता. त्यानंतर शिकलेल्या लाखो मुली, तुम्ही, मी, आपल्या लेकी, या सगळ्या त्या हिशोबात धरायच्या होत्या. ज्या अजून जन्मल्याच नव्हत्या, त्याही. आणि दुसरं, माणसं जे मागतात ते त्यांना जे दाखवलं गेलेलं असतं त्यातूनच मागतात. ज्या मुलीला लहानपणापासून शिळंच वाढलं, ती म्हणेल, "मला शिळंच आवडतं." ती खरं बोलते आहे का?

आता या विचाराची सगळ्यात दुखरी जागा. तुम्ही पैठणला जाता, नाथसागर बघता. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दहा किलोमीटर लांब धरण. त्याच्या कालव्यांनी जालना, बीड, परभणीपर्यंत शेतं भिजली, आणि आमच्या नळाला येणारं पाणी तिथलंच आहे. हिशोब केला तर सुख केवढं मोठं! पण त्या पाण्याखाली शंभराहून जास्त गावं गेली. तिथे कुणाची विहीर होती, कुणाचं चिंचेचं झाड होतं, कुणाच्या सासरमाहेरच्या वाटा होत्या. राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे धरण उभं राहिलं तेव्हा कायदा नुकता जन्मत होता.

मी धरण नको होतं असं म्हणत नाही. मी ते पाणी पिते. पण बेरीज किती झाली हे बेरीज सांगते. कुणाच्या वाट्याला काय आलं, ते बेरीज सांगत नाही. सुख एका घरी आणि दुःख दुसऱ्या घरी गेलं, तरी बेरीज तीच येते.

गांधीजींना हेच खटकलं होतं. ते म्हणायचे, एक्कावन्न लोकांच्या भल्यासाठी एकोणपन्नास लोकांचा बळी देता येतो असं जे तत्त्व सांगतं, ते निष्ठुर आहे. म्हणून त्यांनी शब्द वापरला सर्वोदय. सगळ्यांचा उदय. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांनी आपल्या या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, वाट वेगळी घेतली. त्यांना माहीत होतं की बहुसंख्यांच्या दयेवर अल्पसंख्य माणूस सुरक्षित राहत नाही. म्हणून संविधानात मूलभूत हक्क आले. हक्क म्हणजे काय? हिशोबाला घातलेलं कुंपण. गावातल्या नव्याण्णव लोकांना एका घराने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये असं वाटत असलं, आणि त्यात त्यांना खूप सुख असलं, तरी तो हिशोब मांडायचाच नाही. ते पान बंद. तिथे बेरीज-वजाबाकी चालत नाही.

बायांनो, आता थोडं घरात डोकावू. "घराचं भलं" हा शब्द आपण किती ऐकतो. घराच्या भल्यासाठी मुलीची शाळा सोडवली, कारण पाणी आणायला कुणी नाही. घराच्या भल्यासाठी सुनेने माहेरी जायचं नाही. घराच्या भल्यासाठी तिच्या नावावरचं शेत दिराच्या नावावर करायचं. एकाही वाक्यात कुणी वाईट बोलत नाही. सगळे घराचंच भलं बघतात. पण नीट बघा, त्या घरात सात माणसं आहेत आणि हिशोबात सहाच धरली आहेत. सातवी जिचं काही जातंय, तीच मोजलेली नाही. आणि कधीकधी आपणच आपल्याला मोजत नाही. "माझं काय, माझं चालतंय," म्हणतो. बेंथमचं काही नाही घेतलं तरी चालेल, पण एवढं घ्या: प्रत्येक माणूस एक. तुम्हीसुद्धा एक.

मग निर्णय घ्यायचा कसा? मी काही पंडित नाही. पण मला स्वतःला चार प्रश्न उपयोगी पडतात, ते तुम्हाला देते. गटात, ग्रामसभेत, घरात, कुठेही विचारून बघा.

पहिला, हिशोबात कोण राहिलं? जी बैठकीला आलीच नाही, जी बोलत नाही, जे अजून लहान आहेत, त्यांना धरलं का?

दुसरा, झळ कुणाला, किती आणि किती दिवस? दहाजणींची थोडी सोय एकीच्या आयुष्यावर तर उठत नाही ना?

तिसरा, दोनच पर्याय आहेत असं कोण सांगतंय? तिसरा शोधला का?

चौथा, हे आज एकदा चालेल, पण असंच नेहमी करायचं ठरवलं तर चालेल का? आणि उद्या झळ बसणारी मीच असेन, तरीही मी हेच म्हणेन का?

आणि या चारांच्या आधी एक बघायचं: इथे कुणाचा हक्क तर जात नाही ना? जात असेल तर हिशोबाची वहीच उघडायची नाही.

नारेगावच्या गाड्या अडवल्या तेव्हा मी चिडले होते, हे तुम्हाला सांगितलं. आज रोज सकाळी ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा काढताना मला ती गावं आठवतात. दोन मिनिटं लागतात. तीस वर्षं आम्ही ती दोन मिनिटं वाचवत होतो आणि त्याची किंमत दुसरं कुणीतरी भरत होतं.

तुमच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. गेल्या वर्षी गटाने किंवा गावाने "सगळ्यांच्या भल्यासाठी" म्हणून घेतलेला एक निर्णय निवडा. त्याची झळ कुणाला बसली ते शोधा. आणि ती जी कुणी असेल, तिला बोलवा, बसवा, चहा द्या, आणि तिच्याकडून ऐका. कदाचित निर्णय बदलायची गरज पडणार नाही. पण तिला वाटेल की मला मोजलं.

बरं, बोलता बोलता वेळ झाली. जनावरं बांधायची असतील, चूल पेटवायची असेल. पुन्हा भेटू. नमस्कार.